छातीतील कळ आणि जिभेखालची गोळी

माहूरगडावर रेणुकादेवीच्या दर्शनासाठी पायऱ्या चढत असताना मध्येच थांबून कठड्याला टेकलेला, छातीवर हात धरून उभा असलेला पन्नाशी-साठीचा एखादा यात्रेकरू नवरात्रात दिसणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. सोबतची मंडळी ‘दम लागला असेल’ असे म्हणून त्याला वारा घालतात, पाणी देतात. तीन-चार मिनिटांत कळ ओसरते. यात्रेकरू पुन्हा चढू लागतो आणि दर्शन घेऊन खाली उतरेपर्यंत ती गोष्ट विसरूनही जातो. पुष्कळदा तो खरोखरच केवळ दम असतो. परंतु चढ लागला की छाती आवळल्यासारखी होते, थांबले की बरे वाटते आणि पुढील चढावर पुन्हा तेच घडते, असा क्रम असेल तर तो दम नव्हे. वैद्यकशास्त्रात त्याला हृदयशूल अथवा अंजायना म्हणतात. या विकारात जिभेखाली ठेवावयाची एक लहानशी गोळी शंभराहून अधिक वर्षे उपयोगात आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अनेक घरांत ती आज असते. मात्र ती केव्हा घ्यावी, कशी घ्यावी आणि केव्हा मुळीच घेऊ नये, याविषयीचे ज्ञान त्याच घरांत असतेच असे नाही.

कळ का येते?

हृदय हा अहोरात्र काम करणारा स्नायू आहे. त्याला लागणारा प्राणवायू त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून, म्हणजे हृद्‌रोहिण्यांतून मिळतो. शरीरातील इतर स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातील प्राणवायूचा थोडाच अंश काढून घेतात व श्रमाच्या वेळी अधिक घेतात. हृदयाचे तसे नाही. ते विश्रांतीच्या काळातही रक्तातील बहुतेक प्राणवायू शोषून घेत असते. साहजिकच श्रमाच्या वेळी त्याची गरज भागविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे रक्ताचा प्रवाह वाढविणे. निरोगी माणसात हा प्रवाह विश्रांतीच्या चौपट-पाचपट होऊ शकतो. परंतु रोहिणीच्या आतील अस्तरात मेदाचे थर साचून तिचा व्यास सुमारे ७० टक्के अरुंद झाला, तर बसल्या जागी काही जाणवत नाही. श्रम वाढताच मात्र पुरवठा तोकडा पडतो.

कालव्याच्या चारीवर पाणीवाटप पाहिलेल्यांना हे सहज उमजेल. चारीत गाळ साचलेला असला तरी एकट्या-दुकट्याची पाळी असते तेव्हा तक्रार नसते. सगळ्या शिवाराने एकदम पाणी मागितले की टोकाचे शेत कोरडे राहते. हृदयाच्या स्नायूचे असे ‘कोरडे’ राहणे म्हणजेच हृदयशूल.

ही कळ बहुधा छातीच्या मध्यभागी उमटते. टोचणे किंवा चमक येणे असे तिचे स्वरूप नसून दाब, ओझे, आवळ किंवा जळजळ असे असते. ती डाव्या हाताकडे, खांद्याकडे, मानेकडे, जबड्याकडे, कधी पाठीत तर कधी पोटाच्या वरच्या भागात पसरते. शेवटच्या या लक्षणामुळे आपल्याकडे फार घोटाळा होतो. ‘गॅस धरला’, ‘पित्त झाले’ असे म्हणून सोडा पिणे, ओवा खाणे, पोट चोळणे हे उपाय चालू राहतात आणि कळ तशीही पाच मिनिटांत थांबणारच असल्याने ओव्याचा गुण आला असे वाटते. लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्याने १७६८ मध्ये या विकाराचे वर्णन तेथील वैद्यसभेपुढे वाचले आणि १७७२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना ही कळ येते व उभे राहताच नाहीशी होते, हे त्याचे निरीक्षण आजही जसेच्या तसे लागू पडते. पंढरीच्या वाटेवर दुपारच्या पंगतीनंतर लगेच मार्गस्थ होणाऱ्या दिंडीतील वृद्ध वारकऱ्यांनी ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. थंडीतील पहाटेचा वारा, खांद्यावरील धान्याचे पोते, विहिरीतून पाणी शेंदणे आणि संताप हीही या कळीची नेहमीची निमित्ते होत.

आणखी एक फसवा प्रकार सांगितला पाहिजे. काही रुग्णांना चालण्याच्या आरंभी कळ येते, ते क्षणभर थांबतात आणि त्यानंतर मैलभर चालूनही त्यांना काही होत नाही. शेतकरी वर्गात याचा अर्थ ‘चालून दुखणे जिरते’ असा लावला जातो. प्रत्यक्षात शरीर तापल्यावर हृदय तेवढेच काम कमी कष्टात करू लागते, म्हणून दुसऱ्या खेपेस कळ येत नाही. रोहिणीतील अडथळा जागच्या जागीच असतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर निदानच उशिरा होते. मराठवाड्यातील टंचाईच्या गावांत पाण्याचे हंडे वाहणे हा व्यायामच आहे, फक्त त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. (लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांस स्मरत असेलच.) दुसऱ्या खेपेला छाती भरून येणे, जबडा दुखणे, अकारण धाप लागणे, घाम फुटणे यांची गणना घरात ‘अशक्तपणा’ या एका शब्दात होते. मधुमेही रुग्णांत, मग ते स्त्री असोत वा पुरुष, कळ अजिबात न येता केवळ धाप लागू शकते. अशा वेळी ‘छातीत दुखत नाही ना, मग हृदयाचे काही नाही’ हा निष्कर्ष घातक ठरतो.

सुरुंगाच्या दारूतून औषध

या औषधाचा जन्म मोठा विलक्षण आहे. इटलीतील तुरीन येथे आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन तयार केले. त्याचा अल्पसा अंश जिभेवर ठेवताच डोके विलक्षण ठणकू लागते, हे त्यानेच नोंदविले होते. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये या पदार्थापासून डायनामाइट सिद्ध केले आणि जगभर खाणी, बोगदे व विहिरी यांच्या कामात क्रांती झाली. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पूर्वी ज्या सुरुंगांनी विहिरी फोडल्या जात, त्यांच्या कांड्यांतही नायट्रोग्लिसरीन असे आणि त्या उघड्या हातांनी हाताळणाऱ्या मजुरांचे डोके दुखत असे.

इकडे एडिंबरोमध्ये त्याच १८६७ साली लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरने अमिल नायट्राइट हे द्रव्य हुंगविल्यास हृदयशूल थांबतो असे दाखवून दिले. त्यानंतर लंडनच्या विल्यम मरेल याने नायट्रोग्लिसरीनच्या सौम्य द्रावणाच्या कुपीचे बूच सहज जिभेला लावले. काही क्षणांतच त्याची नाडी धडधडू लागली, डोके ठणकू लागले. हा परिणाम अमिल नायट्राइटसारखाच आहे हे त्याच्या लक्षात आले आणि १८७९ मध्ये त्याने हृदयशुलावरील या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. खुद्द नोबेलला अखेरच्या काळात हृदयविकार जडला व डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीनच घ्यावयास सांगितले. या दैवगतीचा उल्लेख त्याने १८९६ मध्ये, मृत्यूपूर्वी काही आठवडे आधी, एका पत्रात केलेला आहे. औषधाच्या गोळीत हा पदार्थ अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आणि इतर निरुपद्रवी द्रव्यांत मिसळलेला असतो. त्यामुळे खिशातील गोळीचा स्फोट होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. (हा प्रश्न गंभीरपणे विचारणारे लोक भेटतात, म्हणून हे लिहावे लागले.)

हे औषध नेमके कसे काम करते याचा उलगडा होण्यास मात्र शंभर वर्षे लागली. शरीरात नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण होतो व तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करतो. रक्तवाहिन्या स्वतःही हाच वायू निर्माण करीत असतात. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्या पारितोषिकामागील संपत्ती डायनामाइटचीच, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

सर्वसाधारण समज असा की ही गोळी हृद्‌रोहिणीतील अडथळा ‘उघडते’. तो समज चुकीचा आहे. मेदाचा थर तसाच राहतो. गोळीचा मुख्य परिणाम शरीरातील नीलांवर होतो. त्या सैल पडल्या की रक्ताचा बराच भाग पाय व पोट यांच्या नीलांत थांबतो, हृदयाकडे कमी रक्त परतते, हृदयाचे ताणले जाणे कमी होते आणि त्याची प्राणवायूची मागणी उतरते. भरलेल्या गाडीला चढ ओढवत नसेल तर बैलाला चाबूक मारण्याऐवजी चार पोती खाली उतरवावीत, तसे हे आहे. हृद्‌रोहिण्याही काही प्रमाणात रुंदावतात व त्याचाही लाभ होतो. परंतु ओझे उतरविणे हे मुख्य काम होय.

जिभेखालीच का?

गोळी गिळली तर ती पोटातून यकृतात जाते आणि तेथे औषधाचा फार मोठा भाग हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नष्ट होतो. जिभेखालच्या नाजूक त्वचेतून ते थेट रक्तात मिसळते. नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा फवारा एक ते तीन मिनिटांत गुण देतो व त्याचा परिणाम सुमारे अर्धा तास टिकतो. आपल्याकडे अधिक प्रचलित असलेली आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी, जी ‘सॉर्बिट्रेट’ या व्यापारी नावाने घरोघरी परिचित आहे, ती किंचित सावकाश काम करते, परंतु अधिक काळ टिकते. पाण्याच्या घोटाबरोबर ती गिळून ‘गोळीने गुण आला नाही’ म्हणणारे रुग्ण खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. रोज गिळावयाच्या नायट्रेटच्या गोळ्या निराळ्या असतात. त्यांचा उपयोग कळ येऊ नये म्हणून असतो, आलेली कळ थांबविण्यासाठी नव्हे.

ज्या रुग्णाचे निदान झालेले आहे व ज्याला डॉक्टरांनी ही गोळी दिलेली आहे, त्याने कळ येताच हातातील काम तत्क्षणी थांबवावे, खाली बसावे आणि गोळी जिभेखाली विरघळू द्यावी. उभ्याने घेतल्यास रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते. पायऱ्यांवर किंवा विहिरीच्या काठावर अशी भोवळ येणे हे मूळ दुखण्याहून वाईट. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत, डॉक्टरांनी तसे सांगितलेले असल्यास, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दुसरी व तिसरी गोळी घेता येते, त्यापुढे नाही. कळ विश्रांतीत आली, नेहमीपेक्षा तीव्र असली किंवा तिच्याबरोबर दरदरून घाम, ओकारी वा मूर्च्छा आली तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नये. तो हृदयशूल नसून हृदयविकाराचा झटका असण्याचा संभव असतो. तेथे रोहिणी पूर्ण बंद झालेली असते आणि ती उघडणे या गोळीच्या शक्तीबाहेरचे आहे.

या औषधाचा दुसरा उपयोग आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. ज्या श्रमाने हमखास कळ येते त्या श्रमापूर्वी पाच-दहा मिनिटे गोळी घेतली, तर कळ येण्याचे टळू शकते. सकाळी फिरावयास जाणारे निवृत्त शिक्षक, दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयात चढून जाणारे कर्मचारी यांना डॉक्टर असा सल्ला देतात. निदान झालेल्या अनेकांनी भीतीपोटी चालणेच सोडून दिलेले असते. हे योग्य नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित चालण्याचा सराव केल्यास त्याच श्रमाला नाडी पूर्वीपेक्षा कमी वाढते आणि कळ येण्याची मर्यादा पुढे सरकते. मात्र गोळी घेऊन आपल्या कुवतीपलीकडचा चढ रेटणे म्हणजे वाफेच्या इंजिनाची शिट्टी बंद करून ते पुढे दामटणे होय.

डोकेदुखी, ऊन आणि उपवास

डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, धडधड वाटणे हे परिणाम अपेक्षितच आहेत. कळ पूर्ण थांबल्यावर गोळीचा उरलेला अंश थुंकून टाकण्यास हरकत नाही. खरी काळजी घ्यावयाची ती रक्तदाबाची. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या आगेमागे असतो. घामाने शरीरातील पाणी आटलेल्या माणसाला किंवा नवरात्रात निरंकार उपवास करून गड चढणाऱ्याला हीच गोळी नेहमीच्या मात्रेतही मूर्च्छा आणू शकते. अशा रुग्णांनी उपवासाविषयी आधीच डॉक्टरांना विचारावे. देवी उपाशी राहण्याचा आग्रह धरीत नाही, असे सांगणारे वडीलधारे प्रत्येक घरी असतातच.

पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवर दिली जाणारी सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही औषधे घेतलेल्यांनी नायट्रेट घेणे जिवावर बेतू शकते. पहिल्यानंतर किमान २४ तास आणि दुसऱ्यानंतर ४८ तास नायट्रेट वर्ज्य आहे. ही औषधे कित्येकदा चिठ्ठीविना, गुपचूप घेतली जातात व विचारणाऱ्या डॉक्टरांपुढेही ती गोष्ट लपविली जाते. संकोचापायी येथे प्राणाची किंमत मोजावी लागते, म्हणून हा विषय या पानांवर स्पष्ट मांडला आहे.

स्फोटकांच्या कारखान्यांतून मिळालेला एक धडाही येथे उपयोगी आहे. तेथील कामगारांचे डोके सोमवारी फार दुखे, मग आठवडाभरात ते थांबे आणि रविवारच्या सुटीनंतर पुन्हा सुरू होई. शरीराला नायट्रेटची सवय होते व खंड पडताच ती सवय मोडते, हे त्यावरून कळले. म्हणूनच रोजच्या नायट्रेटच्या गोळ्या देताना डॉक्टर दिवसातील दहा-बारा तास, बहुधा रात्री, औषधाविना ठेवतात. ‘सकाळ-दुपारची गोळी दिली, रात्रीची विसरले’ असे समजून आपल्या मनाने रात्रीची गोळी वाढविणारे रुग्ण औषधाचा गुण स्वतःच घालवितात. उलट काही कामगारांना सुटीच्या दिवशी, नायट्रेट अचानक बंद झाल्याने, छातीत कळ येई. रोजचे औषध एकाएकी थांबवू नये ते याचसाठी.

नायट्रोग्लिसरीन उडून जाणारे द्रव्य आहे. त्याच्या गोळ्या मूळच्या काचेच्या कुपीत, घट्ट बूच लावून, उष्णता व उजेड यांपासून दूर ठेवाव्यात. कागदाच्या पुडीत, प्लॅस्टिकच्या डबीत किंवा कापसात ठेवलेल्या गोळ्यांतील औषध हळूहळू नाहीसे होते आणि ऐन वेळी रुग्णाच्या जिभेखाली नुसती साखर राहते. आयसोसॉर्बाइडच्या पट्ट्या अधिक टिकाऊ असल्या, तरी मुदतीची तारीख छापलेला कोपरा कापून टाकू नये. गोळी देवघरात किंवा पेटीत कुलूपबंद ठेवण्यापेक्षा अंगावरच्या कपड्यात असावी आणि ती कोठे आहे हे घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असावे.

शेजाऱ्याची गोळी उसनी घेणे हा आपल्या गावांतील सौजन्याचा एक प्रकार आहे. या औषधाच्या बाबतीत तो टाळलेला बरा. ज्याचे निदान झालेले नाही, ज्याला भोवळ येत आहे वा ज्याचा रक्तदाब उतरला आहे, अशा माणसाच्या जिभेखाली गोळी घालणे अपाय करू शकते. गोळीने बरे वाटले म्हणजे दुखणे हृदयाचेच, हाही तर्क पक्का नाही. अन्ननलिकेच्या आकडीने उठणारी कळही या गोळीने थांबते. तसेच बरे वाटले नाही म्हणजे हृदय सुखरूप आहे, असेही नव्हे. निर्णय ईसीजी व इतर तपासण्यांनीच व्हावयाचा असतो.

उपचार कोठे?

ही गोळी कळ थांबविते. आयुष्य वाढविते असे सिद्ध झालेले नाही. आयुष्य वाढविणारी औषधे निराळी. ॲस्पिरिन, रक्तातील मेद उतरविणारी स्टॅटिन, रक्तदाबावरील व मधुमेहावरील योग्य औषधे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तंबाखू व बिडी सोडणे. गोळीने तत्काळ बरे वाटते, उरलेल्या औषधांचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पैसे कमी पडले की लोक नेमकी तीच औषधे बंद करतात.

पूर्वी या भागातील हृदयरुग्णाला हैदराबाद, औरंगाबाद किंवा मुंबई गाठावी लागे. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरीच्या दशकात निघाले, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आणि लातूरचे २००२ मध्ये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. गरीब कुटुंबांच्या शस्त्रक्रियांसाठी २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेडचा समावेश होता. २०१३ मध्ये ती लातूरसह सर्व राज्यात लागू झाली आणि २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना असे आहे. अँजिओप्लास्टी व बायपास यांचा तीत अंतर्भाव आहे.

तथापि किनवट-माहूरकडील वाडी-तांड्यांपासून नांदेड आजही शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि झटका आलेल्या रुग्णाच्या हृदयाचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते. म्हणून थेट मोठ्या शहराकडे खासगी जीप पळविण्यापेक्षा वाटेतील ईसीजीची सोय असलेल्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात प्रथम थांबणे पुष्कळदा हिताचे ठरते. १०८ च्या रुग्णवाहिकेतील डॉक्टर याबाबत मार्गदर्शन करतात. रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये, आणि त्याने स्वतः वाहन तर चालवूच नये. ग्रामपंचायतीच्या फलकावर जवळच्या अशा रुग्णालयाचे नाव, अंतर व दूरध्वनी क्रमांक रंगवून घेण्यास फारसा खर्च येत नाही. रुग्णाच्या घरच्यांनी निघताना चालू औषधांच्या पट्ट्या आणि ईसीजीचा जुना कागद, तो कितीही पिवळा पडलेला असो, बरोबर घ्यावा. नव्या ईसीजीतील बदल नवा की जुना, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.